पवनविद्युत् विकास, भारतातील : शासन व खाजगी क्षेत्र यांचा सहभाग

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून वीजनिर्मिती करण्याच्या कार्यात शासन, शासकीय वित्तसंस्था व वीज मंडळे एका बाजूस आणि यंत्रनिर्माते, उद्योगधंदे व खाजगी गुंतवणूकदार दुसऱ्या बाजूस अशी जी श्रमविभागणी भारतात १९८० नंतर घडून आली, तिला सामान्यतः पवनविद्युत् विकासातील शासकीय-खाजगी सहभाग असे म्हणतात. धरणे, औष्णिक केंद्रे व अणुकेंद्रे ही स्वातंत्र्योत्तर काळात प्रामुख्याने शासनाने उभारली. याउलट पवनविद्युत् केंद्रांची मालकी जवळजवळ सर्वस्वी खाजगी क्षेत्राकडे राहिली; मात्र वाऱ्याचे मापन, प्रात्यक्षिके, करसवलती, कर्जपुरवठा, वीजखरेदीची हमी व पारेषण ही कामे शासनाने वा त्याच्या संस्थांनी केली. मार्च १९९२ अखेर देशातील पवनविद्युत् क्षमता सु. ४१ मेवॉ. होती, मार्च २०२५ अखेर ती सु. ५०,००० मेवॉ. झाली. या वाढीचा इतिहास हा बव्हंशी या सहभागाच्या अटी कशा ठरल्या व कशा बदलत गेल्या, याचाच इतिहास होय.

सहभागाची आवश्यकता : वाऱ्यापासून मिळणारी शक्ती ही वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाल्यास शक्ती आठपट होते. म्हणून एखाद्या जागी वाऱ्याचा सरासरी वेग किती, हे अचूकपणे ठाऊक असणे ही गुंतवणुकीची पहिली अट ठरते. असे मापन एकाच जागी वर्षभर किंवा अधिक काळ करावे लागते व ते शेकडो ठिकाणी केल्याशिवाय देशाचा पवननकाशा तयार होत नाही. हे खर्चिक व तत्काळ फलद्रूप न होणारे काम कोणीही एक उद्योजक अंगावर घेत नाही. दुसरे म्हणजे पवनचक्कीला इंधन लागत नाही. त्यामुळे तिचा बहुतेक सर्व खर्च उभारणीच्या वेळीच करावा लागतो व त्याची परतफेड वीस-पंचवीस वर्षांच्या विक्रीतून व्हावयाची असते. वीजदराची दीर्घकालीन निश्चिती नसेल, तर असे भांडवल पुढे येत नाही. तिसरे म्हणजे भारतातील वारा मोसमी आहे. वार्षिक निर्मितीचा मोठा भाग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार-पाच महिन्यांत मिळतो आणि उरलेल्या काळात यंत्रे पुष्कळदा स्तब्ध असतात. ही चंचल वीज सामावून घेणारे विद्युत् जाल शासकीय मंडळांच्या हाती होते. या तीन कारणांमुळे शासनाच्या साहाय्याविना खाजगी क्षेत्राला व खाजगी भांडवलाविना शासनाला हे काम एकट्याने पार पाडणे कठीण होते.

परदेशांतील पूर्वपीठिका : या प्रकारच्या सहभागाचे सर्वांत जुने उदाहरण डेन्मार्कमध्ये आढळते. पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये आस्को येथील लोकविद्यालयात शासकीय साहाय्याने वीज उत्पादक पवनचक्की उभारली. योहानेस यूल यांनी गेसर येथे १९५७ मध्ये उभारलेली २०० किवॉ.ची तीन पात्यांची पवनचक्की ही पुढील डॅनिश यंत्रांची जननी ठरली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर लहान कारखानदारांनी व कारागिरांनी अशी यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. १९७८ मध्ये रीसो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र स्थापन झाले आणि १९७९ पासून यंत्राच्या किंमतीच्या ३० टक्के अनुदान देण्यात येऊ लागले. हे अनुदान केवळ रीसोने संमत केलेल्या यंत्रांनाच मिळे. त्यामुळे पैसा व गुणवत्तेची तपासणी यांची सांगड घातली गेली. अनुदान क्रमाने कमी करून १९८९ मध्ये बंद करण्यात आले. १९८५ मध्ये शासन व वीज कंपन्या यांच्यात १०० मेवॉ. क्षमता उभारण्याचा करार झाला. कोपनहेगनच्या बंदराबाहेरील मिडेलग्रुंडेन येथे २००० मध्ये उभारलेल्या ४० मेवॉ.च्या सागरी केंद्राची निम्मी मालकी नगरपालिकेच्या वीजसंस्थेकडे व निम्मी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती.

अमेरिकेचा अनुभव निराळा होता. तेथे अवकाश संशोधन संस्था व मोठ्या विमान कंपन्या यांनी संघीय निधीतून काही मेगॅवॉट क्षमतेची अजस्र यंत्रे तयार केली. परंतु त्यांपैकी एकही व्यापारी दृष्ट्या यशस्वी झाले नाही. दुसरीकडे १९७८ चा संघीय वीज कायदा आणि कॅलिफोर्निया राज्याच्या करसवलती यांमुळे १९८१ ते १९८५ या काळात आल्टामाँट व टेहाचापी येथे हजारो लहान यंत्रे उभी राहिली. सवलत वीजनिर्मितीवर नसून गुंतवणुकीवर असल्याने निकृष्ट यंत्रांनाही ती मिळाली आणि १९८५ अखेर ती संपताच बाजार कोसळला. भारतात पुढे जे घडले, त्याचे बीज या दोन्ही अनुभवांत आढळते.

भारतातील आरंभीचे संशोधन : भारतात वाऱ्याच्या उपयोगाविषयीचे संघटित संशोधन १९५० नंतरच्या दशकात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या आश्रयाखाली सुरू झाले. पुढे बंगलोर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांचे अभिकल्प तयार करण्यात आले. तथापि स्वस्त डीझेल व ग्रामीण विद्युतीकरण यांमुळे हे काम मागे पडले. तेलाच्या किंमती दोनदा भडकल्यानंतर केंद्र शासनाने १९८१ मध्ये ऊर्जेच्या अतिरिक्त साधनांसाठी एक आयोग नेमला व १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन केला. या विभागाचे १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालयात रूपांतर झाले. २००६ पासून ते नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय या नावाने ओळखले जाते.

पवनमापनाचे पायाभूत काम भारतीय वातावरणवैज्ञानिकांनी केले. ॲना मणी व डी. ए. मुळे यांनी संकलित केलेला भारतातील पवनऊर्जेच्या आधारसामग्रीचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर पुण्याच्या भारतीय उष्ण प्रदेशीय वातावरणविज्ञान संस्थेच्या बंगलोर येथील क्षेत्रीय शाखेने ॲना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली निवडक ठिकाणी मनोरे उभारून वाऱ्याचे प्रत्यक्ष मापन सुरू केले. वेधशाळांतील जुन्या नोंदी शहरी वस्तीजवळच्या असल्याने त्यांतून वाऱ्याचा वेग कमी दिसत असे. नव्या मापनामुळे पश्चिम घाटातील खिंडी, सौराष्ट्राचा किनारा व दख्खनची उघडी पठारे यांचे महत्त्व प्रथमच आकड्यांत व्यक्त झाले. तमिळनाडूतील पालघाट, शेनकोट्टा व आरलवायमोळी या तीन खिंडींतून नैर्ऋत्य मोसमी वारा नळकांड्यातून वाहावा तसा वेगाने पूर्वेकडे वाहतो. पुढे देशातील सर्वांत दाट पवनक्षेत्रे येथेच उभी राहिली. या मापनाची माहिती प्रसिद्ध करण्यात आली, म्हणून ती कोणत्याही एका कंपनीची मिरासदारी झाली नाही. शासनाने खाजगी क्षेत्रास दिलेले हे पहिले व कदाचित सर्वांत टिकाऊ साहाय्य होय.

प्रात्यक्षिक पवनक्षेत्रे : १९८६ मध्ये गुजरातमधील ओखा, महाराष्ट्रातील रत्नागिरी व तमिळनाडूचा किनारा येथे ५५ किवॉ. क्षमतेच्या डॅनिश पवनचक्क्यांची पहिली प्रात्यक्षिक क्षेत्रे उभारण्यात आली. त्यांचा खर्च शासनाने सोसला व यंत्रे राज्यांची वीज मंडळे किंवा ऊर्जा विकास संस्था यांच्याकडे सोपविली. १९९० च्या सुमारास डेन्मार्क शासनाच्या विकास साहाय्यातून गुजरातमधील लांबा येथे व तमिळनाडूत प्रत्येकी १० मेवॉ. क्षमतेची केंद्रे उभी राहिली. या केंद्रांनी तीन गोष्टी सिद्ध केल्या : भारतीय जालातील विद्युत् दाबाच्या चढउतारांत ही यंत्रे काम करू शकतात, खारी हवा, धूळ व उष्णता यांसाठी त्यांत फेरफार करावे लागतात, आणि देखभालीसाठी स्थानिक तंत्रज्ञ तयार करता येतात. १९८७ मध्ये भारतीय नवीकरणीय ऊर्जा विकास संस्था ही सार्वजनिक क्षेत्रातील वित्तसंस्था स्थापन झाली. व्यापारी बँका ज्या धंद्यास ओळखत नव्हत्या, त्यास या संस्थेने दीर्घ मुदतीची कर्जे दिली. त्याच वर्षी डॅनिश यंत्रनिर्मात्याच्या भागीदारीत भारतात पवनचक्क्या जुळविणारी पहिली महत्त्वाची संयुक्त कंपनी निघाली. तिच्यामागून आणखी काही कंपन्या आल्या. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक कंपनीनेही परदेशी सहकार्याने या क्षेत्रात प्रवेश केला.

खाजगी गुंतवणुकीचा प्रवेश (१९९२–९७) : १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर वीजनिर्मिती खाजगी क्षेत्रास खुली झाली. पवनचक्कीची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा हे या काळातील सर्वांत मोठे आकर्षण होते. त्याच्या जोडीस विक्रीवरील करमाफी, सुट्या भागांवरील आयात शुल्कात सूट व सवलतीच्या व्याजाची कर्जे होती. मंत्रालयाने राज्यांना घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरून दर युनिटास २ रु. २५ पैसे व दरवर्षी ५ टक्के वाढ असा खरेदीदर सुचविण्यात आला. कारखानदाराने पठारावर निर्माण केलेली वीज मंडळाच्या तारांतून आपल्या दूरच्या कारखान्यापर्यंत नेण्याची, तसेच पावसाळ्यातील अतिरिक्त वीज मंडळाकडे ‘जमा’ ठेवून पुढील महिन्यांत ‘परत’ घेण्याची सोयही देण्यात आली.

या सोयींचा सर्वाधिक लाभ तमिळनाडूत घेतला गेला. कोईमतूर व परिसरातील सूतगिरण्यांना वीजकपातीचा जाच होता. कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंडल व त्याच्या आसपास त्यांनी स्वतःच्या पवनचक्क्या बसविल्या. वीज वापरणारा, यंत्राचा मालक व करदाता हे तिघेही एकच असल्याने यंत्र चालू राहण्यात त्यांचा खरा हितसंबंध होता. देशात १९९४-९५ मध्ये सु. २३५ मेवॉ. व १९९५-९६ मध्ये सु. ३८० मेवॉ. अशी भर पडली. आठव्या योजनेच्या आरंभी ठरविलेले लक्ष्य कितीतरी मागे पडले आणि मार्च १९९७ मध्ये एकूण क्षमता सु. ९०० मेवॉ. झाली.

घसाऱ्याची सवलत व तिचे परिणाम : या भरभराटीत एक मूलभूत दोष होता. सवलत यंत्र बसविल्याबद्दल मिळे, वीज निर्माण केल्याबद्दल नव्हे. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी यंत्र कार्यान्वित झाल्याचे दाखविणे गुंतवणूकदारास पुरेसे होते. परिणामी मार्च महिन्यात घाईने उभारणी होऊ लागली. वाऱ्याचे पुरेसे मापन न करता जागा निवडल्या गेल्या. यंत्रे एकमेकांच्या फार जवळ बसविल्याने पुढील यंत्र मागील यंत्राचा वारा अडवू लागले. आणि विद्युत् जाल क्षीण असल्याने ऐन वाऱ्याच्या दिवसांत यंत्रे बंद ठेवावी लागली. क्षमतेच्या मानाने प्रत्यक्ष निर्मिती पुष्कळ ठिकाणी २० टक्क्यांहूनही कमी राहिली. १९९६ मध्ये किमान पर्यायी कर लागू झाला आणि १९९७ मध्ये कंपनी कराचा दर खाली आला. त्याबरोबर करबचतीचे आकर्षण घटले व १९९७-९८ मध्ये नवी भर अवघ्या ६५ मेवॉ.च्या आसपास आली. कॅलिफोर्नियाचाच अनुभव येथे दहा वर्षांनी पुन्हा आला.

शासनाने यातून काही बोध घेतला. १९९५ मध्ये मंत्रालयाने जागेची निवड, यंत्राचे प्रमाणीकरण व जालाशी जोडणी यांविषयी नियम घालून दिले. १९९८ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे पवनऊर्जा तंत्रविद्येचे केंद्र स्थापन करण्यात आले व कयत्तार येथे डॅनिश साहाय्याने त्याचे चाचणी स्थानक उभे राहिले. या केंद्रास पुढे राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था असे नाव मिळाले. रीसोने वीस वर्षांपूर्वी जे कार्य केले, तेच या संस्थेकडे आले. फरक इतकाच, की डेन्मार्कमध्ये तपासणी अनुदानाच्या आधी आली, तर भारतात ती सवलतीच्या नंतर आली. पहिल्या वर्षीच्या घसाऱ्याचे प्रमाणही नंतर १०० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आणण्यात आले.

९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात सौराष्ट्रातील अनेक पवनचक्क्या मोडून पडल्या. भारतीय किनाऱ्यावरील वादळी वाऱ्यांचा विचार यंत्रांच्या अभिकल्पात व विम्याच्या अटींत करणे आवश्यक आहे, हे या घटनेने स्पष्ट केले.

संयुक्त क्षेत्रातील प्रयोग : काही राज्यांनी सवलतींपलीकडे जाऊन प्रत्यक्ष भागीदारी केली. मध्य प्रदेशात राज्याचे ऊर्जा विकास निगम, केंद्राची नवीकरणीय ऊर्जा वित्तसंस्था व भोपाळ येथील एक खाजगी सल्लागार कंपनी यांनी मिळून एम. पी. विंडफार्म्स ही संयुक्त कंपनी काढली. देवासजवळील जामगोदराणी टेकड्यांवर जमीन, रस्ते, उपकेंद्र व देखभाल या सामाईक सोयी तिने पुरविल्या आणि लहान गुंतवणूकदारांनी त्या आधारावर आपापली यंत्रे बसविली. अशा व्यवस्थेत सामाईक कामांचा खर्च विभागला जातो व देखभालीची जबाबदारी एका ठिकाणी राहते. तथापि हा नमुना इतर राज्यांत फारसा पसरला नाही. त्याची जागा यंत्रनिर्मात्या कंपन्यांनीच घेतली. जमीन खरेदी करणे, परवाने मिळविणे, यंत्र बसविणे व ते चालविणे हे सर्व एकाच कंपनीने ग्राहकाच्या वतीने करण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीचा विस्तार करण्यात सुरतेच्या वस्त्रोद्योगातून आलेल्या तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या सुझलॉन या कंपनीचा वाटा मोठा होता. तिचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. या पद्धतीमुळे अनुभव नसलेल्या गुंतवणूकदारासही पवनचक्कीचा मालक होता आले. परंतु उत्तम वाऱ्याच्या जागा थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटल्या.

महाराष्ट्र : महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) ही संस्था १९८५ मध्ये नोंदविण्यात आली. रत्नागिरीनंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड-जामसंडे व विजयदुर्ग येथे आणि सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी येथे प्रात्यक्षिक केंद्रे निघाली. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील ठोसेघर, चाळकेवाडी, वनकुसवडे ही जांभ्या दगडाची सपाट पठारे सु. १,००० ते १,२०० मी. उंचीवर आहेत. तेथे वृक्षांचा अडथळा नाही व कोकणातून कडा चढून येणारा मोसमी वारा माथ्यावर वेग घेतो. वनकुसवडे पठार तर कोयनेच्या शिवसागर जलाशयावरच उभे आहे. ज्या वाऱ्याने कोयनेचे धरण भरते, त्याच वाऱ्याने ही यंत्रे फिरतात.

राज्य शासनाने १९९८ च्या सुमारास पवनविद्युत् प्रकल्पांना विक्रीकरात भरघोस सवलत दिली. केंद्राच्या घसाऱ्याच्या सवलतीशी तिची जोड मिळताच सातारा व सांगली जिल्ह्यांत यंत्रांची रांग लागली. त्यापूर्वी नगण्य असलेली राज्याची क्षमता मार्च २००२ अखेर सु. ४०० मेवॉ. झाली. पण त्यानंतर विक्रीकराची सवलत संपली व नवा वीजदर निश्चित झाला नव्हता. तेव्हा पुढील दोन वर्षांत मिळून दहा मेवॉ.सुद्धा भर पडली नाही. सवलतीवर उभा असलेला विकास सवलतीबरोबरच थांबतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण देशात क्वचितच आढळेल.

कोंडी फोडली ती महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने. २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशान्वये आयोगाने नव्या प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी दर युनिटास ३ रु. ५० पैसे व त्यानंतर दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांचा दर ठरवून दिला. राज्य शासनाने २००४ च्या धोरणात जोडरस्ते व वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या यांच्या खर्चात वाटा उचलण्याचे मान्य केले. यांमुळे गुंतवणूक परत आली व २००५-०६ या एका वर्षात सु. ५४५ मेवॉ. क्षमता उभी राहिली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल व सांगली जिल्ह्यात ढालगाव ही मोठी क्षेत्रे याच काळात विकसित झाली. राज्याची क्षमता पुढे ५,००० मेवॉ.वर गेली. या दोन कालखंडांतील भेद लक्षणीय आहे : पहिल्यात लाभ यंत्र बसविण्यावर, तर दुसऱ्यात प्रामुख्याने युनिट विकण्यावर अवलंबून होता.

विद्युत् अधिनियम, २००३ आणि त्यानंतर : १० जून २००३ पासून अंमलात आलेल्या विद्युत् अधिनियमाने निर्मितीस परवान्याची अट काढून टाकली व वितरण कंपन्यांनी विजेचा काही हिस्सा नवीकरणीय साधनांपासून घेतलाच पाहिजे, असे बंधन घालण्याचा अधिकार राज्य आयोगांना दिला. डिसेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने निर्मितीवर आधारित प्रोत्साहन योजना जाहीर केली. जो गुंतवणूकदार त्वरित घसाऱ्याचा लाभ घेणार नाही, त्यास जालात सोडलेल्या प्रत्येक युनिटामागे ५० पैसे मिळू लागले. त्यामुळे ज्यांना करबचतीची गरज नव्हती, अशा स्वतंत्र वीज उत्पादक कंपन्या व परदेशी निधी या क्षेत्रात आले. एप्रिल २०१२ पासून दोन्ही सवलती स्थगित झाल्या, तेव्हा वार्षिक भर सु. ३,२०० मेवॉ.वरून सु. १,७०० मेवॉ.पर्यंत घसरली. २०१३ मध्ये प्रोत्साहन योजना व २०१४ मध्ये घसाऱ्याची सवलत पुन्हा लागू झाली. घसाऱ्याचे प्रमाण एप्रिल २०१७ पासून ४० टक्के करण्यात आले.

लिलाव पद्धती : फेब्रुवारी २०१७ मध्ये भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने पवनविजेसाठी पहिला देशव्यापी स्पर्धात्मक लिलाव घेतला. त्यात दर युनिटास ३ रु. ४६ पैसे असा दर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या लिलावात तो २ रु. ४३ पैशांपर्यंत उतरला. वीज घेणाऱ्या राज्यांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. परंतु आयोगांनी ठरविलेल्या दरांची पद्धत एकाएकी बंद पडल्याने २०१६-१७ मधील ५,००० मेवॉ.हून अधिक भर पुढील वर्षी २,००० मेवॉ.हूनही कमी झाली. अल्प दरात परवडेल असा वारा केवळ गुजरात व तमिळनाडूतील मोजक्या जागी असल्याने प्रकल्पांची तेथेच गर्दी झाली. एक-दोन यंत्रे बाळगणारा लहान गुंतवणूकदार आणि सूतगिरणीवाला लिलावाच्या क्षेत्रातून बाहेर पडला.

भागीदारीतील दुसरी दुबळी बाजू म्हणजे वितरण कंपन्यांकडून देयके थकणे. तमिळनाडूत वाऱ्याच्या ऐन हंगामात यंत्रे थांबविण्याचे आदेश वारंवार दिले गेले. आंध्र प्रदेश शासनाने २०१९ मध्ये पूर्वी केलेल्या करारांतील दर कमी करण्याचा प्रयत्न केला. तेथील उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये मूळ दरानेच पैसे देण्याचा निर्णय दिला. पंचवीस वर्षांच्या कराराची किंमत ही शेवटी शासनाच्या शब्दाइतकीच असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

जमीन, पर्यावरण व स्थानिक लोक : वरील सर्व व्यवहारांत शासन व गुंतवणूकदार हे दोनच पक्ष होते. ज्यांच्या माळावर यंत्रे उभी राहिली, त्या गावकऱ्यांना तिसऱ्या पक्षाचे स्थान क्वचितच मिळाले. पठारावरील जमिनी पडीक व नापीक म्हणून अल्प किंमतीत विकल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणी त्या गुरचराईच्या होत्या. जमिनीचा मोबदला एकदाच मिळाला, तर यंत्राचे उत्पन्न वीस वर्षे चालू राहिले. धुळे जिल्ह्यात वनजमिनी प्रकल्पांना दिल्यावरून आदिवासींच्या संघटनांनी विरोध केला. सातारा-सांगलीकडे अवर्षणाच्या वर्षांत पवनचक्क्या पावसाचे ढग हाकलतात, असा समज पसरला. त्यास शास्त्रीय आधार नाही. कारण यंत्राची उंची ढगांच्या व मोसमी प्रवाहाच्या मानाने अत्यल्प असते. तथापि लाभात वाटा नसलेल्या लोकांचा अविश्वास अशा समजातून व्यक्त होतो, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. डेन्मार्कमध्ये शेजाऱ्यांनीच सहकारी तत्त्वावर यंत्रे विकत घेतल्याने तेथील विरोध दीर्घकाळ सौम्य राहिला. सहकारी साखर कारखान्यांची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात पवनविजेची सहकारी चळवळ मात्र रुजली नाही.

पर्यावरणाचे प्रश्नही हळूहळू पुढे आले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर परिसराजवळच्या पवनप्रकल्पासाठी झालेली जंगलतोड व तीव्र उतारावरील रस्ते यांवर टीका केली. चाळकेवाडीच्या पठारावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार यंत्रे असलेल्या भागापेक्षा यंत्रे नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. शिकारी पक्षी घटल्याने यंत्रांखालील सरड्यांची संख्या वाढली व त्यांच्या वर्तनातही बदल झाला. कच्छ व जैसलमीरच्या माळरानांत माळढोक पक्ष्यास वीजवाहिन्यांपासून असलेल्या धोक्याचा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पवनप्रकल्पांना पूर्वीपासून पर्यावरणीय परवानगीच्या अटीतून मुक्त ठेवण्यात आले आहे. ती सवलत डोंगरमाथ्यावरील नाजूक अधिवासांना लागू असावी काय, हा वादाचा विषय आहे.

नवे टप्पे : मोजमापाची उंची जसजशी वाढली तसतसा देशाच्या पवनक्षमतेचा अंदाज वाढत गेला : ५० मी. उंचीवर सु. ४९,००० मेवॉ., ८० मी.वर सु. १,०३,००० मेवॉ., १०० मी.वर सु. ३,०२,००० मेवॉ. आणि १२० मी.वर सु. ६,९५,००० मेवॉ. यामुळे उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून बसलेली १९९० नंतरच्या दशकातील लहान व ठेंगणी यंत्रे काढून तेथे मोठी यंत्रे बसविण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. त्यासाठी २०१६ मध्ये धोरण जाहीर झाले व २०२३ मध्ये ते सुधारण्यात आले. एका पठारावर शेकडो लहान मालक असल्याने त्या सर्वांची संमती मिळविणे हाच यातील मुख्य अडसर आहे. सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये संमत झाले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी ५०० मेवॉ. क्षमतेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यंत्रे खाजगी कंपन्यांनी उभारावयाची, समुद्रातील उपकेंद्रे व वाहिन्या सार्वजनिक पारेषण कंपनीने बांधावयाच्या व खर्च आणि उत्पन्न यांतील तूट शासनाने भरून काढावयाची, अशी ही विभागणी आहे. १९८६ मध्ये ओखा व रत्नागिरीस जे घडले, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील पुनरावृत्ती होय.

मूल्यमापन : शासकीय-खाजगी सहभागाच्या या पद्धतीने भारतास चार दशकांत एक संपूर्ण उद्योग मिळवून दिला. पवनचक्कीचे मनोरे, पाती व जनित्रे देशात तयार होऊ लागली आणि शासनावर मालकीचा भार न पडता मोठी वीजक्षमता उभी राहिली. मात्र या इतिहासात एक क्रम पुनःपुन्हा आढळतो : सवलत, घाईची भरती, सवलतीची समाप्ती व मंदी. १९९७, २००२, २०१२ व २०१७ या चारही वेळी तो जवळजवळ सारखाच होता. ज्या वेळी लाभ प्रत्यक्ष निर्मितीशी बांधला गेला व अटी दीर्घकाळ स्थिर राहिल्या, त्या वेळी यंत्रेही चांगली चालली व गुंतवणूकही टिकली. वाऱ्याची अनिश्चितता मोजता येते व तिची तजवीजही करता येते. धोरणाच्या अनिश्चिततेचे तसे नाही. तिचा भार प्रथम गुंतवणूकदारावर पडत असला, तरी अखेरीस तो वीज वापरणाऱ्या सामान्य ग्राहकावर व डोंगरमाथ्यावरील गावांवर येतो. म्हणून या सहभागाच्या पुढील अटी ठरविताना शासन व खाजगी क्षेत्र यांच्याबरोबर या दोघांनाही पक्षकार मानणे अगत्याचे आहे.